डोळे न आखलेल्या मूर्ती

पेण, गुरुवार, दिवेलागण

'फ्री सॉफ्टवेअर'च्या माहितीपुस्तिकेत 'फ्री'साठी मी 'मोफत' लिहिलंय आणि दिवसभर ते खटकतंय. पैसे पडत नाहीत हे खरं, पण ते सॉफ्टवेअर कुणालाही उघडून बदलताही येतं, हे त्यातून कुठे कळतं? 'मुक्त' लिहू? नको, कीर्तनातलं वाटतं.

कंटाळून वहिनीच्या गणपती कारखान्यात बसलो. मूर्तींच्या रांगेत एकाही गणपतीला डोळे नव्हते, सगळे झोपेत ऐकत असल्यासारखे. मी सहज ब्रश उचलला.

"ठेवा भावजी. रोह्याला कच्च्याच, न रंगवता जायच्यात. डोळे तिथली माणसं आखतील, त्यांच्या मनासारखे."

घरी येऊन 'मोफत' खोडलं. 'आपल्या मनासारखं बदलायला मोकळं' लिहिलं. लांबलंय. असू दे.

रोह्यात कुणाच्या तरी हातून ते डोळे उघडतील. कसे बघतील, मला कळणारही नाही.