नेटवर्क कार्डावरचा टिळा

रविवार, संध्याकाळ. करी रोड.

लागलं! शेवटी इंटरनेट लागलं एकदाचं.

काल हौसेने जुन्या लॅपटॉपवरचं विंडोज काढून लिनक्स टाकलं. बाकी सगळं मस्त, फक्त यूएसबीचं नेटवर्क कार्ड ओळखेना. बोटाएवढं कार्ड, पण त्याचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारं सॉफ्टवेअर, शोधण्यात अख्खा रविवार गेला. मोबाइलवर उतरवून केबलने टाकला, तरी कार्डावरचा दिवा ढिम्म. आणि बाबा सारखे दारात: "आत्याचा व्हिडिओ कॉल आहे हां. नवी नात दाखवणारेय." मोबाइलवर त्यांना चेहरे नीट दिसत नाहीत, म्हणून तर हा खटाटोप.

मग कुठेतरी वाचलं, या कार्डाच्या दोन आवृत्त्या आहेत आणि दोन्हींचे ड्रायव्हर वेगळे. आवृत्तीचा आकडा कार्डावरच असतो. बघते तर आकड्यावर कुंकू! दसऱ्याला बाबांनी घरातल्या सगळ्या यंत्रांची पूजा केली, त्यात हेही. मिलमध्ये कामाला असताना मागाला लावायचे तसाच ठसठशीत टिळा. मी आपली पहिली आवृत्ती धरून बसले होते. नखाने खरवडलं, तर खाली दोन.

दुसरा ड्रायव्हर टाकला आणि दिवा पेटला. निळा! बाबा लॅपटॉपभर दिसणाऱ्या बाळाशी मालवणीत बोलत सुटले.

कॉल संपल्यावर म्हटलं, "बाबा, तुमच्या कुंकवाने दिवसभर रखडवलं मला."

"पण चाललं ना शेवटी?" म्हणत ते देव्हाऱ्यातून करंडा घेऊन आले.

कार्ड मीच पुढे धरलं. फक्त उलटं करून.