गंजीवरची रेंज

६ नोव्हें., सोमवार
कापसाची दुसरी वेचणी. बोंड फोडलं की आत गुलाबी अळी. अळी लागणार नाही म्हणून तर बी.टी.चं बियाणं घेतलं होतं. असो, महाराज पाहतील.

दुपारी वैशालीचे मामा घर बघायला आले. पोरगी आम्ही आधीच पाहून आलो, दोन्हीकडून पसंती आहे. नवरदेव म्हणजे बाबाराव भाऊजी, माझे धाकटे दीर. मी लग्न होऊन आले तेव्हा चौथीत होते, पाढे माझ्याकडून पाठ केले. आता बत्तीस उलटली तेव्हा कुठे जमतंय.

मामा म्हणाले, "पाहुणे, रेंज हाय ना वस्तीवर? पोट्टी भरतीचा अभ्यास करते मोबाईलवर."
हे लगेच, "हाव तर! फुल्ल!"
मी चहाचं पातेलं घेऊन तशीच उभी. वस्तीवर रेंज आहे ती फक्त आमच्या कडब्याच्या गंजीवर. तीही पार माथ्यावर चढून तळ्याकडे तोंड केलं तर.

तेवढ्यात खामगावहून नसरीन नावाची मुलगी आली. शेतवस्त्यांवर कुठे नेट पोचतं, कुठे नाही, याचा नकाशा करत घरोघर फिरते. तिनेही तेच विचारलं. मामा समोर बसलेले, हे काय बोलणार? "चांगलं हाय." ती आपल्या फोनकडे बघत म्हणाली, "माह्या फोनमध्ये तर काहीच दिसून नाही राह्यलं." हे म्हणाले, "तुमचं कार्ड दुसऱ्या कंपनीचं असंन." तिने आमच्या घरावर हिरवा ठिपका दाबला.

७ नोव्हें., मंगळवार
नसरीन पाणी प्यायला परत आली. भाकरी-ठेचा वाढला. तिने नकाशा दाखवला. वस्तीची पाच घरं, चार हिरवी, एक लाल. चारही हिरव्या घरांत लग्नाचं पोरगं बसलेलं! लाल तेवढं रशीदचाचांचं, ते वांगी लावतात. चाचा शेताच्या धुऱ्यावरूनच हसत होते, "माह्या साऱ्या पोट्ट्यायचे लग्न निपटले. मले कोणाची लाज?"
नसरीन म्हणाली, "काकू, जिथं लाल जास्त, तिथं नेटची लाइन टाकाचं ठरते. हिरव्यात कोण कायले टाकीन?"
 

९ नोव्हें., गुरुवार
उपास. यांना म्हटलं, त्या नसरीनला खरं सांगून टाका.
"आधी अक्षता पडू दे, मंग पाहू लाइनचं. आता सांगतलं त पोट्टी हातची जाईन."
"अन् आल्यावर? गंजीवर चढून अभ्यास करीन का पोट्टी?"
हे उगाच बैलावर ओरडले.

मलाही लग्नाआधी सांगितलं होतं, एस.टी. वस्तीपर्यंत येते म्हणून. नव्या शालूत फाट्यापासून चिखल तुडवत आले. त्यानंतर माहेरून आले की हे फाट्यावर गाडी जुंपून उभे असायचे, एकदाही चुकले नाहीत. पण ते पहिलं चालणं काही विसरत नाही मी.

१४ नोव्हें., मंगळवार, एकादशी
रोज दिवस मावळता वैशालीचा फोन असतो, म्हणून भाऊजी गंजीवर. चढायच्या आधी भांग पाडतात!
"भाऊजी, फोनमध्ये भांग दिसते काय?"
"वयनी, तुमी गप बसा बरं."
उतरले तेव्हा पाठभर कडब्याचा भुसा. झटकून दिला. वैशाली विचारत होती, अभ्यासाचं टेबल घरात कुठे मांडता येईल.
"मग तुम्ही काय सांगितलं?"
"खिडकीजवळ म्हटलं." मान खाली. जेवले नाहीत नीट.

२३ नोव्हें., मार्गशीर्षातला पहिला गुरुवार
घट मांडला. पूजा आटोपते न आटोपते तोच नसरीन. "काकू, शनिवारी नकाशा बंद होते. काही बदलाचं असंन त आजच सांगा."
मी यांच्याकडे पाहिलं, यांनी भाऊजींकडे.
भाऊजी उठले. "आधी तिले सांगतो." शिडी लावून वर गेले. आम्ही तिघं खाली. ऐकायचं नव्हतं, पण सगळं ऐकू येत होतं.

"वैशाली, दादा मामासमोर खोटं बोलला. म्या बी तुले सांगतलं नाही. इथं गंजीवर उभा राह्यलो तरच तुह्या आवाज येते. घरात काहीच नाही. ते टेबल-गिबल… हॅलो? हॅलो?"

रेंज गेली की तिने ठेवला, कळायला मार्ग नाही. परत लावला, लागेना. खाली न उतरता वरूनच ओरडले, "नसरीनताई, लाल करा!"

सायंकाळपर्यंत आणखी दोन घरांनी लाल करून घेतलं. चौथ्यांकडे रविवारी पाहुणे येणार आहेत, म्हणून ते हिरवेच.

२७ नोव्हें., सोमवार
नकाशा गेला. लाइन टाकायची की नाही ते वरचे साहेब ठरवणार. वैशालीचा फोन नाही. मामांचाही नाही. ना हो, ना नाही. यांना म्हटलं, मामांकडे जाऊन या. म्हणाले, "कोणत्या तोंडानं जाऊ?" तरी धोतर धुवायला टाकलंय.

३० नोव्हें., गुरुवार, एकादशी
बैल खातात तशी गंजी उतरत चालली. आज सकाळी हे पेंडी ओढता ओढता थांबले. म्हणाले, "महिनाभर चाचाकडून कडबा घेऊ. आपली गंजी राहू दे."
दारात गंजी असताना विकतचा कडबा! एरवी मी ऐकून घेतलं असतं? म्हटलं, "आणा."

आत्ता दिवा लावून लिहायला बसले. भाऊजी वर आहेत, तळ्याकडे तोंड करून. हे खाली शिडी धरून उभे. शिडी पक्की आहे, धरायची काही गरज नाही.