पिंगयाओच्या आजीचा हात

शुक्रवार संध्याकाळ, माहूज

माझीच मला किळस येतेय. पिंगयाओच्या जुन्या गल्लीत, उंबऱ्यावर भाजी निवडत बसलेल्या त्या चिनी आजीचा मी काढलेला फोटो आज इथल्या, आखातातल्या आमच्या मराठी मंडळाने कॅलेंडरच्या कव्हरसाठी निवडला. फोटोत तिचा हात वर, पंजा थेट कॅमेऱ्यासमोर. सगळे भारावले. "आशीर्वाद देतेय हो आजी!" जोशीवहिनींनी तर लगेच मथळाच सुचवला, 'आशीर्वाद'. आणि मी काय केलं? हसलो.

कसला डोंबलाचा आशीर्वाद! नको म्हणत होती ती. दोनदा हात वर केला तिने. तरी मी गुडघ्यावर बसून चार फोटो काढले, का, तर उजेड छान पडला होता.

मंडळाच्या बैठकीहून गाडीने परत येताना मागच्या सीटवरून लेक म्हणाली, "बाबा, शी वॉज टेलिंग यू टू स्टॉप, ना?" मी एसी वाढवला.

घरी आल्यावर मंडळाच्या कुलकर्णीकाकांना फोन लावला, खरं काय ते सांगून टाकावं म्हणून. मी तोंड उघडायच्या आत त्यांनीच विचारलं, "कव्हरवर तुझं नाव जरा मोठं टाकू ना रे?"

तो हात डोळ्यांसमोर होता. तरी म्हणालो, "टाका."