बसणे हा धातू

प्रिय पान्या,

आधी तक्रार, मग क्षेमकुशल. सहा वर्षांनी तू या घरी एक कार्ड पाठवलंस. त्यात तीन वाक्यं लिहिलीस आणि तिन्ही वाक्यांत ‘वहिनि’ हा शब्द ऱ्हस्व काढलास. एकदा झालं असतं तर हात घसरला म्हटलं असतं, तीनदा म्हणजे धोरण झालं. सख्ख्या थोरल्या भावाच्या बायकोला ऱ्हस्व करण्याचा अधिकार तुला कोणी दिला? मी लाल पेनचं टोपण काढलंही होतं, पण तुझ्या वहिनीने कार्ड माझ्या हातातून काढून घेतलं आणि उशीखाली सारलं. म्हणाली, त्याला पुढे मागे कळेल तेव्हा कळेल, तुम्ही आधी दूध उतरवा. दूध उतू गेलंच. तो दोषही मी तुझ्या खात्यावर टाकतो.

आपल्या जीपच्या मिस्त्रीने तुला वहिनीच्या दुखण्याचं कळवलं, हे तुझ्या कार्डावरून समजलं. बाकीचं त्याने सांगितलं नसेल, कारण तो तुझ्यासारखाच आहे, यंत्राबद्दल तासभर आणि माणसाबद्दल अर्धं वाक्य. तर ऐक. तिचं दुखणं आता पाठीच्या कण्यात उतरलं आहे. दर पंधरा दिवसांनी तिला खालच्या हॉस्पिटलात न्यावं लागतं. एकतीस किलोमीटर, त्यातले पहिले वीस तुला ठाऊक आहेत. त्याला रस्ता म्हणणं हा आपला शिष्टाचार. अॅम्ब्युलन्स एकदा आली, ओढ्याच्या अलीकडून दगडांकडे बघून परत गेली. हॉस्पिटलजवळ खोली घेऊ म्हटलं, तर बाईसाहेब म्हणतात, तिथे मी नंबर असते, इथे मी माणूस असते. मोठ्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिलं आहे, ‘धक्के टाळावेत’. माशाला सांगावं, बाबा, ओलं होऊ नकोस.

तेव्हा उरली आपली जुनी जीप. चारही चाकांना जोर आहे, पण वय माझ्याएवढंच आणि गुडघेही तसेच. मागे पलंग पक्का बोल्ट करून घेतला आहे. त्याच्या बाजूला प्राणवायूचे दोन सिलिंडर, बॅटरी, पाण्याचा पिंप, डिझेलचे दोन कॅन, दोन स्टेपन्या. शिवाय वस्तीत गाडी एकच, त्यामुळे कोणाचा शिवणयंत्राचा पाय, कोणाच्या दळणाच्या गोण्या. मी नको म्हणतो, आणि पलंगावरून हुकूम सुटतो की जातेच आहे तर नेऊ दे की, गाडी काय लाजते का. भार झाला की मागची बाजू अशी खाली येते, जणू बसकण मारून रुसली आहे. मिस्त्रीने मला मोजायला शिकवलं. मागच्या चाकांचा आस आणि वरचा रबरी ठोकळा यांच्यात हात घालायचा. चार बोटं जागा हवी. आमच्याकडे भरल्यावर दीड बोट उरायचं. खड्डा आला की आस वर उसळून ठोकळ्यावर आदळायचा, आणि आतल्या माणसाला वाटावं की कोणीतरी खालून लाथ घातली.

मिस्त्री म्हणाला, स्प्रिंगचे पाटे थकलेत, शॉकअब गळतायत, वर एक मदतीचा पाटा टाकू. या मदतीच्या पाट्याची गोष्ट मला फार आवडली. गाडी रिकामी असताना तो नुसता वर पहुडलेला असतो, कशाला टेकत नाही, कशाला हात लावत नाही. भार फारच झाला आणि बाकीचे वाकले, की मग तो खांदा देतो. मला लगेच कोणाची आठवण आली ते लिहीत नाही. घरात पाणी भरायची वेळ झाली की नेमका कोण माळ्यावर जाऊन निजायचा, हे तुला आठवत असेलच.

आता जे लिहायचं टाळतो आहे ते लिहितो. गेल्या महिन्यात मिस्त्री सकाळी येऊन गाडी तपासून गेला. मी वर्गावर होतो. परतलो तेव्हा वायपरखाली त्याची चिठ्ठी होती: ‘मास्तर, मागचे पाटे बसलेत. परवा येतो.’ पान्या, मी अठ्ठावीस वर्षं धातू शिकवतो. रूपं, अर्थ, अर्थांतरं, सगळं. मी वाचलं, पाटे बसले. म्हणजे आले, लागले, जागच्या जागी नीट बसले. मला वाटलं, माणूस परवा चहाला येतोय. खाली वाकून चार बोटं घालायचंही मला सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी तिची तारीख होती. मी सगळं सामान भरलं, आणि नवे पाटे आहेत म्हणून गोण्याही नेहमीपेक्षा दोन जास्त घेतल्या. तिला म्हटलं, आज पालखीत बसल्यासारखं वाटेल बघ. ती हसली.

ओढ्याच्या उतारावर मागची बाजू गेली ती गेलीच. लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज मी आयुष्यात विसरणार नाही. मी विचारलं, लागलं का, तर ती म्हणाली, बघा पुढे, मोठा दगड आहे. हॉस्पिटलात फोटो काढला. डॉक्टर तरुण आहे, सरळ बोलतो. फोटो उजेडाला धरून म्हणाला, सर, एक मणका बसलाय. या वेळी मला अर्थ बरोबर लागला.

मिस्त्री चिठ्ठीत लिहिल्याप्रमाणे तिसऱ्या दिवशी नवे पाटे घेऊन आला, ऐकलं, आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मीच त्याची समजूत काढली. त्याने चूक केली नव्हती. पाटे बसलेत म्हणजे पाटे खचलेत, हे गॅरेजातल्या कोणालाही कळतं. तुला तर पाळण्यात कळलं असतं.

तू कॉलेज सोडून गॅरेजात जातो म्हणालास, त्या दिवशीचं जेवण मला आठवतं. ‘धातू ठोकणाऱ्याला धातू काय कळणार!’ असं मी म्हटलं होतं. चांगला श्लेष साधला म्हणून मीच आधी हसलो, मग पाहुणे हसले. तू ताट पुरतं संपवलंस, धुऊन ठेवलंस, आणि सकाळी गेलास. तुझी वहिनी हसली नव्हती. त्यानंतर तिने माझ्या कुठल्याच श्लेषाला दाद दिली नाही, आणि ते मी सहा वर्षं तिच्या अरसिकतेवर ढकलत आलो.

तिचं वजन आता एकोणचाळीस भरतं. पलंगावरून उचलताना हाताला काही लागतच नाही. तुझं ऱ्हस्वच बरोबर होतं रे, मी ते तसंच ठेवलं आहे.

ते पाटे कामचलाऊ होते; काल मिस्त्री पक्क्या पाट्यांचं माप घ्यायला वही घेऊन बसला होता. मास्तर, जाताना भार किती, येताना किती? भरल्या गाडीला पाटे कडक लागतात, पण तेच कडक पाटे रिकाम्या गाडीत माणसाला उडवतात. दोन्ही आकडे द्या, मधलं काहीतरी जमवतो. जातानाचा आकडा मी दिला, सिलिंडरसकट. येतानाचा त्याने दोनदा विचारला. मग त्यानेच वही मिटली.

पाट्यांसाठी हे पत्र लिहिलेलं नाही, ते तो घालेल आणि चांगले घालेल. गाडी मी चालवतो आणि ती मागे असते. आरशात फक्त पांघरूण दिसतं. बरी आहेस ना, असं मी विचारलं की ती पत्र्यावर बोटाने एकदा वाजवते, एवढी आमची भाषा उरली आहे. गेल्या खेपेला शेवटचे अकरा किलोमीटर तो आवाज आला नाही. मी गाडी थांबवली नाही, मागे वळून बघितलं नाही, कारण माझी हिंमत झाली नाही. हॉस्पिटलच्या फाटकाशी तिने डोळे उघडले. झोप लागली होती तिला, बाकी काही नाही. ती जाणार हे मला कळलं आहे. ती जाईल तेव्हा मी पुढे तोंड करून दगड चुकवत असेन, याची मला भीती वाटते. पुढची तारीख अठरा आहे. तू ये. गाडी तू चालव. मला मागे तिच्याजवळ बसायचं आहे.

तुझाच,
दादा