शर्टाचं शेवटचं बटण

प्रिय आई,

लांबूनच पाया पडते. मी बरी आहे, वेळेवर जेवते. तुझा गुडघा कसा आहे?

आमचं नवं टर्बाइन वाफेऐवजी दाबलेल्या गॅसवर फिरून वीज तयार करतं. त्याची पाती तुझ्या नखाएवढी. आत खडा जरी गेला तरी ठिकऱ्या उडतील. काल झाकण बसवल्यावर पाहिलं, तर माझ्या निळ्या शर्टाचं शेवटचं बटण गायब! सांगून टाकलं. सगळं पुन्हा उघडलं, तरी सापडलं नाही. साहेब अजून ओरडले नाहीत, त्याचीच जास्त भीती वाटते.

रविवारी घरीच पडलं असेल का गं? फोनवर मला रडू येईल, म्हणून ड्रायव्हरकाकांबरोबर ही चिठ्ठी. ते दारात थांबतील. पलंगाखाली नीट बघ.

आणि मला वाचवायला डब्यातलं दुसरंच बटण त्यांच्या हातावर ठेवू नकोस. ओळखते मी तुला. मशीन सुरू होईल तेव्हा शेजारी मीच उभी असणार आहे.

तुझी,
धांदरट