व्युत्पत्तीचा रकाना

३ मार्च
इंग्रजी-मराठी कोशाच्या नव्या आवृत्तीचा, छापायच्या पानांचा फर्मा तपासायला आला. शब्द ‘बार’. इंग्रजीत अक्षरं तीन, पण पसारा केवढा! खिडकीचा गज, साबणाची वडी, नदीच्या मुखाशी साचलेली वाळू, वकिलांचा वर्ग, दारूचं दुकान, मनाई. आमच्याकडे अर्थ सतरा. खाली व्युत्पत्तीचा रकाना. तो वाचला आणि पेन खाली ठेवलं.

ती व्युत्पत्ती माझ्या मनाची आहे.

४ मार्च
चाळीस वर्षं झाली. मी नवा होतो. खरं उत्तर एवढंच – जुन्या फ्रेंचमधून आला, त्यामागचं मूळ अज्ञात. ‘अज्ञात’ लिहवेना. शाळेत कविता पाठ करून बिघडलेलं डोकं. शेवटची ओळ नसलेलं कडवं सोसत नाही. मग फ्रान्सच्या किनाऱ्यावर एक कोळीण उभी केली. वादळात दाराला वल्हं आडवं लावणारी, आणि तिच्या बोलीत वल्ह्याला म्हणे ‘बार’! संपादक अण्णा. त्यांनी वाचून सही ठोकली. “वा कविराज, हे कुठून शोधलंस?”

पुढे ती कोळीण पाठ्यपुस्तकात गेली. नातीनं मला घडाघडा म्हणून दाखवली. मी शाबासकी दिली.

७ मार्च
छापखान्यात गेलो. फोरमन म्हणाला, “काका, दोन सह्यांशिवाय अक्षर हलवायचं नाही, हा नियम तुमचाच. परवा फर्मा मशीनवर चढतोय.”

दुसरी सही अण्णांची. ते इस्पितळात, नाकात नळी. म्हणजे आधी त्यांच्यापाशी कबूल करायचं. हा कोश म्हणजे त्यांचा जीव की प्राण.

८ मार्च
गेलो. वहिनी दारातच म्हणाल्या, “भाऊजी, कामाचं काही काढू नका हं.” हवापाण्याचं बोलून परत आलो.

९ मार्च, सकाळी
वहिनी औषधं आणायला खाली गेल्या. सांगून टाकलं – कोळणीसकट सगळं. अण्णांनी पेन मागितलं. मग सही केली, वेडीवाकडी. पेन परत देताना म्हणाले,

“एकच?”

मी मान डोलावली.

“माझ्या एकोणीस आहेत.”

कुठल्या, विचारणार तोच वहिनी आल्या. अण्णांनी हातानं खुणावलं – उद्या.

फर्मा दुरुस्त करून दिला.

१० मार्च
अण्णा पहाटे गेले. कोशात शब्द बेचाळीस हजार आहेत.