मोत माउलीला कधी जायचं

आई, तुला जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि आज मला तुला विचारायचंय काय, तर मोत माउलीला जायला चांगला मोसम कोणता. हसू नकोस. घरात चार दिवस हीच चर्चा चालली आहे. मीच जेवताना बोलून गेले की एकदा बांद्र्याला टेकडीवरच्या त्या चर्चमध्ये जाऊन येऊ या. झालं, तुझी नात मोबाइल काढून बसली. सप्टेंबरच्या जत्रेत पाय ठेवायला जागा नसते, आत्ता मे महिन्यात घामाच्या धारा, जुलैत टेकडीवर छत्र्या उलट्या होणार. "डिसेंबर बेस्ट आहे गं मम्मी, हवा मस्त असते." तुझे जावई म्हणाले, डिसेंबर तर डिसेंबर, नाताळची रोषणाईपण बघू. मी भाकरी थापत होते. डिसेंबरला सात महिने आहेत. ते दोघं असे बोलत होते की जसे काही ते सात महिने डब्यात भरूनच ठेवलेत.

त्यांना माहीत नाही. मागच्या आठवड्यात आंघोळ करताना डाव्या छातीत गाठ हाताला लागली. परळच्या डॉक्टरीणबाईंनी फोटो काढायला लावला, आणि तो बघून त्या फार हळू आवाजात बोलायला लागल्या. बुधवारी सुई घालून तुकडा काढणार आहेत. घरी सांगितलंय, दात दुखतो म्हणून जाते.

तुझा मोसम ठरलेला होता. डिलाईल रोडच्या त्या एका खोलीत पंचवीस गिरणीवाल्यांची खाणावळ, पाळी सुटायच्या आत कढी-भात तयार पाहिजे, पण जत्रेतला एक दिवस चूल बंद म्हणजे बंद. मी दहा वर्षांची असेन, विचारलं, आपण हिंदू ना, मग तिकडे कशाला? तू कालथाच हाणलास पाठीत. "दुखणा काय जात इचारून येता?" कालथा गरम होता, आई, पण तेव्हा तुला सांगायची छाती झाली नाही. फक्त एकदा तू जत्रेची वाट बघितली नाहीस. मी टायफॉइडमधून उठले होते, मे महिना होता. तू माउलीला वाहायला नवसाची मेणाची बाहुली घेतलीस, रांगेत आपण उन्हात उभ्या, आणि बाहुलीची मान हळूहळू कलंडायला लागली. तुझा चेहरा पांढराफटक. माझा हात सोडून पळत गेलीस आणि दुसरी बाहुली घेऊन आलीस.  घरी आल्यावर म्हणालीस, "माउली खंय पळान जातली? पण उन्हात मेण रवणा नाय." त्यानंतर मे महिन्यात तू कधी गेली नाहीस.

मी काल गेले. एकटी, भर दुपारी. मेणाचे अवयव विकणारी म्हातारी म्हणाली, "काय देऊ बाय, हात, पाय, डोकं?" छाती हा शब्द तोंडातून फुटेना. बोट दाखवलं. "कोणाला झालंय?" आणि मी पटकन म्हणाले, "जावेला." का म्हणाले कोण जाणे. जाऊ माझी धडधाकट आहे, चिंचपोकळीला चार मजले दिवसातून तीनदा चढते. म्हातारी म्हणाली, "मग तिचंच नाव घे तिथं. ज्याचं दुखणं त्याचं नाव."

मेण छत्रीच्या सावलीत धरून नेलं. वाकलं नाही. पण माउलीसमोर उभी राहिले आणि माझं नाव घेववेना. घेतलं असतं तर खरं झालं असतं, असं वाटलं. म्हणून जावेचं घेतलं. आता दोन्हीकडून भीती. त्या गरीब बाईच्या अंगावर मी काही ढकललं तर नाही ना? आणि माझ्यासाठी तर मी काही मागितलंच नाही. सकाळी तिचा फोन आला, नुसती लोणच्याला कैऱ्या आणू का विचारत होती, आणि मी उलट तिलाच दोनदा विचारलं, तू बरी आहेस ना.

आज लेक म्हणाली, "डिसेंबरचा दुसरा शनिवार पक्का करते, रजा टाकते. चालेल ना तुला?" मी म्हटलं, चालेल.

ती कामावर गेल्यावर वही घेतली. खरं सांगू? वही घेतली होती लेकीला लिहायला, तोंडाने सांगणं जमत नाही म्हणून. पण ती वाचून घाबरेल, आणि ती घाबरलेली मला बघवणार नाही. म्हणून तुला लिहिलं. तू वाचणार नाहीस, हे बरं पडलं.